नसलेल्या हाताची मूठ

माणसाच्या डोक्यावर चुंबक धरायचं, टक्कन आवाज करायचा आणि त्याचा अंगठा उडाला की समाधानानं ‘सापडलं’ म्हणायचं, या कामावर मी नोकरीची शेवटची बरीच वर्षं काढली. बिलोलीला माझे वडील शाळेत शिक्षक होते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की ते ‘फिजिओथेरपी’ एवढं सांगून विषय बदलायचे. एकदा मी त्यांना कामाचं स्वरूप नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आईला म्हणाले, “हिला आपण बी.एड. करायला लावायला हवं होतं.”

आमचे डॉक्टर मेंदूविकारांचे. दवाखाना नांदेडला. लातूरला शिकवणी वर्गांची भरभराट झाली तेव्हा त्यांनी तिथेही एका गल्लीत दुसरा दवाखाना थाटला आणि आठवड्यातले काही दिवस आम्ही तिकडे जाऊ लागलो. मशीन एकच, त्यामुळे तेही आमच्याबरोबर गाडीत. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, आणि मोठा खड्डा आला की डॉक्टर मागे वळून विचारायचे, “ठीक ना?” पहिले काही महिने मला वाटायचं, ते माझी चौकशी करतात.

मशीन दिसायला अगदी साधं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा थोरला भाऊ शोभेल असा एक डबा, त्यातून निघालेली जाड वायर आणि वायरच्या टोकाला इंग्रजी आठासारखं वेटोळं. आम्ही त्याला कॉइल म्हणायचो. कॉइलमधून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला की चुंबकत्व तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि मेंदूच्या त्या जागेला हलकासा धक्का देतं. ना सुई, ना चिरफाड. कानात कापसाचे बोळे घालायचे, कारण आवाज मोठा होतो, आणि डोक्यात कुठे धातूचा तुकडा नाही ना, कधी फिट आली होती का, हे आधी विचारून घ्यायचं. मेंदूवर, या कानापासून त्या कानापर्यंत, शरीर हलवणारी एक पट्टी असते. त्यात अंगठ्याची जागा बरीच ऐसपैस असते. डाव्या अंगठ्याची जागा उजवीकडे, उजव्याची डावीकडे. कॉइल तिथे आली की अंगठा उडतो. कॉइल नक्की कुठे धरल्यावर अंगठा उडतो ते शोधून काढलं की पुढचे उपचार त्या खुणेवरून करायचे. डॉक्टरांनी हा प्रयोग आधी स्वतःवर केला आणि मग माझ्यावर. नंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायला माझाच अंगठा वापरला गेला. घरी माझ्या हातून कपबशी निसटली की नवरा विचारायचा, “डॉक्टर नांदेडहून टकटक करतात का?”

आता यातली खरी गंमत. तुम्ही डोळे मिटून हात हलवला तरी तो हलला हे तुम्हाला कळतं. कसं? सरकारी भाषेत सांगायचं तर मेंदू हाताला आदेश काढतो, त्याची स्थळप्रत स्वतःजवळ ठेवतो, आणि काम झालं की हाताच्या सांध्यांकडून, स्नायूंकडून पोच येते. दोन्ही कागद जुळले की आपल्याला वाटतं, मी हात हलवला. आमचं मशीन आदेशाच्या भानगडीत पडत नाही. ते मधूनच काम करवून घेतं. पोच येते, पण फाइलमध्ये आदेशच सापडत नाही. मग माणूस स्वतःच्या अंगठ्याकडे असं बघतो, जणू शेजाऱ्याचं पोर आपल्या अंगणात येऊन उडी मारून गेलं.

उदगीरकडचे एक माजी सरपंच आले होते. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेले, आवाज मात्र शाबूत. मी कॉइल धरली, अंगठा उडाला.

“कुणी हलवला?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

त्यांना ते अजिबात रुचलं नाही. त्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलत नव्हतं म्हणे, आणि इथे एका बाईनं त्यांचा अंगठा हलवला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं अंगठा गच्च दाबून धरला आणि म्हणाले, आता हलवा. तो पुन्हा उडाला. जाताना दारात थांबून त्यांनी हळूच चौकशी केली की यानं अख्खा हात वर होतो का, आणि झाला तर किती माणसांचा एकाच वेळी होईल. पंचायतीची निवडणूक जवळ आली असावी.

लातूरची गिऱ्हाइकं वेगळी. आमच्या गल्लीत दर दोन घरांमागे एक वर्ग, त्यावर वसतिगृह, त्याखाली झेरॉक्सचं दुकान. निलंग्याहून, देगलूरहून, थेट इस्लापूरहून आईबाप पोरांना घेऊन यायचे, आणि आमची पाटी वाचून त्यांच्या मनात आशा पालवायची. एका वडिलांनी मुलाला पुढे ढकलून सांगितलं की याचं बायोलॉजी चांगलं आहे, तेवढं सोडून फिजिक्सच्या बाजूला दोनचार टक्के मारा. दुसऱ्या एकांना शंका होती की चुंबकानं डोक्यातलं लोखंड एकाच बाजूला गोळा झालं तर काय करायचं. डोक्यात लोखंड नसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यावर ते गृहस्थ मुलाकडे बघत म्हणाले, “आमच्या ह्याच्यात असंल, साहेब.” डॉक्टर अशा सगळ्यांना चहा पाजून परत पाठवायचे. मार्कांची जागा त्या पट्टीवर कुठेच नाही, हे त्यांना पटायचं नाही. चहा मात्र पटायचा.

याच गल्लीच्या टोकाला गफूरचाचांची खानावळ होती. चाचा मूळचे निलंगा तालुक्यातले, खानदानी शिंपी. भूकंपात डावा हात कोपराच्या खाली गेला आणि कात्री सुटली. मग नवरा-बायको लातूरला आले. पोरं शिकायला येऊ लागली तशी जैनबचाचींनी खानावळ काढली. भाकरी चाचींच्या, वाढणं चाचांचं. एका हातानं ते असं सफाईनं वाढायचे की नव्या पोराला दोन दिवस कळायचंही नाही की दुसरा हात नाही. “वाढायला एकच हात लागतो, खायला बी एकच. दुसरा उगाच मिरवायला असतो,” असं ते सांगायचे.

पण तो दुसरा हात त्यांना छळत होता. नसलेला हात दुखतो, हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येतं. मला येत नाही. भूकंपाच्या वर्षी मी नुकतीच फिजिओथेरपीच्या कामाला लागले होते, लातूरच्या इस्पितळात हात-पाय गेलेल्या माणसांना उरलेल्या भागाचे व्यायाम शिकवत होते. रोज कुणीतरी सांगायचं, बाई, गेलेली बोटं ठणकतात. आम्ही म्हणायचो, सवय होईल, लक्ष देऊ नका. आमच्याजवळ दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

चाचांच्या बाबतीत हात नुसता दुखत नव्हता. तो मिटलेला होता. नसलेल्या हाताची मूठ भूकंपापासून घट्ट आवळलेली, नखं रुतलेली, आणि ती काही केल्या उघडत नव्हती. ज्वारीचं पोतं उचलल्यावर हाताला रग लागते, तशी रग, पण पोतं कधी खाली ठेवताच येत नाही, असं ते सांगायचे. झोप लागायची नाही. वाढता वाढता मध्येच कळ आली की तोंड फिरवून उभे राहायचे. चाचीच त्यांना आमच्याकडे घेऊन आल्या. मूठ उघडली पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खात्री नाही, आराम पडला तरी कायमचा पडेलच असं नाही, पण प्रयत्न करून बघू. हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही. तिथे टिचकी मारली तर काहींना नसलेली बोटं हलल्यासारखी वाटतात. ती जागा सापडली तर पुढे काम करता येईल.

अडचण पहिल्याच दिवशी लक्षात आली. आमचा सगळा धंदा अंगठ्याकडे बघून चालायचा. इथे बघायला अंगठाच नव्हता. चाचा काय सांगतात यावरच सगळं अवलंबून. मी कॉइल डोक्याच्या उजव्या बाजूला धरायची, टक् करायची आणि विचारायची, “चाचा, काही हललं?”

“हाव, हललं,” चाचा म्हणायचे.

कॉइल बोटभर पुढे सरकवली. “आता?”

“आता बी हललं. चांगलं हललं.”

मागे सरकवली, बाजूला नेली, कपाळापर्यंत आणली. चाचांचा हात सगळीकडून हलत होता. डॉक्टर हरखून गेले. असा रुग्ण त्यांनी पाहिला नव्हता. सारखे कागदावर खुणा करत होते. चार बैठका अशाच मजेत गेल्या. मूठ मात्र होती तशीच आवळलेली, आणि कळ होती तेवढीच.

मग एक दिवस लातूरच्या विजेनं आमच्यावर उपकार केले. कॉइल चाचांच्या डोक्यावर आणि लाइट गेली. मशीन बंद पडलं. डॉक्टर वैतागून टेबलावर पेन आपटत उभे राहिले, टक्, टक्. डोळे मिटून बसलेले चाचा अदबीनं म्हणाले, “हललं, साहेब. जरा कमी हललं, पर हललं.”

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. चाचांनी डोळे उघडले, बंद पंख्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. बिचारे इतके ओशाळले की मलाच कुठे बघावं कळेना. त्यांचं म्हणणं साधं होतं. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं. समोरचा माणूस मनापासून काही करत असेल तर त्याला नाराज करायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. गिऱ्हाइकानं पोट सुटलंय का असं विचारलं, तर कापडच आकसतं, असं सांगणारं घराणं ते. डॉक्टरसाहेब एवढे मोठे, एवढ्या लांबून मशीन घेऊन येतात, त्यांना ‘न्हाई हललं’ कुठल्या तोंडानं सांगायचं?

डॉक्टर चिडले नाहीत, पण खचले. मला बाजूला घेऊन म्हणाले की आता थांबलेलं बरं. जागा कुठली हेच कळत नसेल तर आंधळेपणानं कुणाच्या डोक्यावर टकटक करत बसणं त्यांना मान्य नव्हतं. याचा अर्थ चाचांनी आवळलेली मूठ घेऊन परत जायचं, आणि पुढे आयुष्यभर तसंच वाढत राहायचं. मला ते फार लागलं. मी म्हटलं, एक बैठक द्या.

चाची बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या सरळ आत आल्या. “त्यांना काय इचारता, बाई? लगीन झाल्यापासून माझी एक भाकर ह्यांनी करपली म्हणली न्हाई. म्हंजी करपल्याच न्हाईत का?”

चाचांनी मान खाली घातली. मला मात्र त्यातून वाट दिसली. तोंड अदब सांभाळत असेल तर तोंडाला विचारायचंच नाही. मी चाचांना म्हटलं, आता बोलायचं नाही. गेलेला डावा हात जसा असेल तसा उजवा हात करून दाखवा, आणि टक् झाल्यावर डाव्याचं जे होईल ते उजव्यानं होऊ द्या. चाचांनी उजवी मूठ मिटून पुढे धरली. दुकानात कापड दाखवावं तशी, छान, बेतशीर मूठ. चाचींनी ती बघितली आणि नाक मुरडलं. खुर्ची ओढून समोर बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं.

“असं धरा. तवा धरलं व्हतं तसं.”

चाचांचा चेहरा बदलला. बोटं मनगटाभोवती आवळली गेली. बघता बघता चाचींचा पंजा लालबुंद झाला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग आमच्याकडे वळून, भाजी निवडताना बोलावं इतक्या सहज त्यांनी सांगितलं.

“माळवद पडलं तवा मी आत व्हते, ह्ये दारात. ह्यांनी हात घालून माझं मनगट धरलं अन् वरनं तुळई आली ह्यांच्या हातावर. तरी सोडलं न्हाई. मागनं ह्यांची शुद्ध गेली. लोकांनी ह्यांची बोटं सोडवून मला मागच्या अंगानं काढलं. ह्यांना काय म्हाईत? ह्ये जागे झाले तवा हातच नव्हता.”

डॉक्टर खुर्चीत बसले. एवढ्या बैठका झाल्या, पण मूठ कशावर आवळली आहे हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. आम्ही अंगठा शोधत होतो. हिशेब आता सरळ होता. मेंदूनं त्या हाताला शेवटचा आदेश दिला तो ‘धर’. त्यानंतर हाताकडून पोच आली नाही, काम झालं असं कुणी कळवलं नाही, म्हणून आदेश अजून चालूच होता.

त्या दिवसापासून चाची प्रत्येक बैठकीला मनगट देऊन बसू लागल्या. मी अधूनमधून मुद्दाम कॉइल उलटी वळवून नुसता आवाज करायची. पूर्वी चाचांनी त्यालाही ‘हललं’ म्हटलं असतं. आता पकड तशीच राहायची. बायकोच्या मनगटाशी त्यांना अदब दाखवता येत नव्हती. जागा चुकली की काही नाही. मग एकदा कॉइल कानाच्या जरा वर, मागच्या बाजूला होती, आणि टक् झाल्याबरोबर चाचांचा उजवा अंगठा सैल पडला. क्षणभरच. चाचीच आधी म्हणाल्या, “सुटला अंगठा.” मी पुन्हा टक् केलं, पुन्हा सुटला. कॉइल वळवली, नाही सुटला. डॉक्टरांनी जुन्या खुणांचे सगळे कागद फाडून टाकले आणि एकच नवी खूण केली.

मग त्या जागेवर नेमानं काम सुरू झालं. अंगठ्यामागून तर्जनी सैल पडू लागली, मग मधलं बोट. कळ कमी होत गेली. चाचा रात्री झोपू लागले, आणि त्यांच्या घोरण्याची तक्रार घेऊन चाची आमच्याकडे येऊ लागल्या. घोरणं बंद करायचं मशीन आणा, असा त्यांनी डॉक्टरांकडे लकडा लावला. शेवटची दोन बोटं मात्र हटून बसली होती.

ती सुटली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. खाली गल्लीत वर्ग सुटला होता आणि पोरांचा गलका चालू होता. मी कॉइल धरून होते, टकटक चालू होती, चाची महागलेल्या शेंगदाण्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या. चाचांची बोटं एकेक करून त्यांच्या मनगटावरून उठत होती. करंगळीसुद्धा. हात पूर्ण उघडला, तळवा वर झाला, आणि तसाच राहिला. मी मशीन थांबवलं तरी तो मिटला नाही.

डॉक्टर आनंदानं उठून उभे राहिले. इतक्या वर्षांची मूठ उघडली होती. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “बरं वाटलं ना, चाचा?”

चाचा आपल्या उघड्या तळव्याकडे बघत राहिले. चेहरा पांढरा पडला होता.

“न्हाई, साहेब,” ते म्हणाले. डॉक्टरांना त्यांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. “भ्या वाटलं. हात सुटला हिचा.”

आणि त्यांनी झडप घालून चाचींचं मनगट पुन्हा पकडलं.

चाचींची जीभ दिवसभर थांबायची नाही. त्या आता टोमणा मारणार, सोडा, भाकरी पडल्यात म्हणणार, असं मला वाटलं. त्यांनी दुसरा हात चाचांच्या हातावर ठेवला आणि लहान पोराला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, “निघाले मी. कवाची बाहिर हाय. बगा की माझ्याकडं.”

चाचांनी वर बघितलं. कितीतरी वेळ बघत होते. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी कॉइल मांडीवर घेऊन रडत बसले. त्या दिवशी खानावळीतली पोरं बराच वेळ ताटांसमोर खोळंबली.